ठकूचे दोन दात

“सगळे काढा,” दादासाहेब म्हणाले. “एकही ठेवू नका.”

माझी दोन बोटं मांजराच्या जबड्यात होती. मांजर जाड पंच्यात गुंडाळलेलं, डोकं तेवढं बाहेर. माझा कंपाउंडर कासम त्याला छातीशी धरून तोंड फिरवून उभा होता, कारण मांजराच्या तोंडाला भयंकर घाण येत होती. मी मान वर केली. वाटलं, गृहस्थ थट्टा करताहेत. पण दादासाहेब थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

“सगळे म्हणजे?”

“सगळे म्हणजे सगळे. माझे काढले तसे.” त्यांनी जिभेने खालची कवळी जराशी उचलून दाखवली आणि टक् करून परत बसवली.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली. श्रीवर्धन आणि दिघी यांच्या मधल्या एका गावात मी गुरांच्या दवाखान्याचा डॉक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांचे नातू अजून तिथे राहतात. वरच्या आळीत सुपारीच्या वाड्या आणि वाडीवाल्यांची घरं, खाली समुद्राला लागून कोळीवाडा, मधे माझा दवाखाना. मी पालीकडच्या एका खेड्यातला, भात लावणाऱ्यांच्या घरातला. आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिला. कॉलेजात गेलेला तर आजूबाजूच्या गावांतही पहिला. मुंबईहून जनावरांच्या वैद्यकाचा डिप्लोमा घेऊन आलो होतो. घोड्यापासून कोंबडीपर्यंत कुठल्याही जनावराचा सापळा मला डोळे मिटून मांडता आला असता. तरी वरच्या आळीत मला ‘ढोरडॉक्टर’ म्हणत. म्हणेनात का. ढोरांचा डॉक्टर मी होतोच. राग त्या शब्दाचा नव्हता. तो उच्चारताना ओठ ज्या तऱ्हेने वळत, त्याचा होता.

दादासाहेब गावातले सर्वांत मोठे सुपारीवाले. मागे त्यांचे गुडघे धरले तेव्हा मुंबईच्या एका दंतवैद्याने सांगितलं, दुखणं गुडघ्यात नाही, दातांत आहे. दातांच्या मुळाशी पू साचतो आणि तो रक्तातून सांध्यांत उतरतो. त्या काळी डॉक्टरांत ही टूमच होती. सांधे दुखले, काढा दात. पोट बिघडलं, काढा दात. काहींना गुण येतही असेल. दादासाहेबांचे मात्र चांगले घट्ट दात एकामागून एक उपटले गेले, कवळी बसली आणि गुडघे होते तसेच राहिले. देवळाच्या पायऱ्या चढताना ते अजून भिंत धरत. पण एवढे दात दिल्यावर ते फुकट गेले असं कोण कबूल करील? उलट ते सांगत सुटले, की मनुष्याचे निम्मे रोग दातांत असतात.

आता घरचं मांजर हडकलं होतं, लाळ गाळत होतं, पुढच्या पंजाने तोंड घासत होतं. निदान आधीच तयार होतं. मला बोलावलं होतं ते हमालीपुरतं.

मांजर तसं दादासाहेबांचं नव्हतं. ते अक्कांचं. अक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. घरचा सगळा रगाडा त्यांच्या अंगावर आणि घरातली एकही वस्तू त्यांची नाही, एक ठकू सोडून. सुपारीच्या कोठारात डोळे न उघडलेलं पिल्लू सापडलं, ते त्यांनी कापसाच्या वातीने दूध पाजून वाढवलं. हे मला कासमने वाटेत सांगितलं होतं. मी ठकूला तपासत होतो तेव्हा अक्का माजघराच्या दाराआड होत्या. उंबऱ्यापाशी विधवेच्या लाल आलवणाचा पदर दिसत होता, बाकी काही नाही.

मी परत ठकूच्या तोंडात पाहिलं. मांजराला तीस दात असतात. पुढे तांदळाच्या कणीएवढे बारा, मग चार सुळे, बाकीच्या दाढा. ठकूच्या दाढांवर पिवळी-तपकिरी खरपुडी चढली होती. आम्ही तिला टार्टर म्हणतो. बंबाच्या तळाशी क्षार धरतो तसाच हा प्रकार, आणि तो खरवडून काढता येतो. वरची एक आणि खालची एक अशा दोन दाढा बोट लावलं की हलत होत्या आणि मुळाशी पू होता. हे सगळं समजण्यासारखं होतं. पण हिरड्या आणि जीभ भाजल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, ते त्या दाढांचं काम नव्हतं. आणि घाणीच्या आत आणखी एक वास होता. इस्पितळाच्या मोरीत येतो तो.

“हिच्या तोंडाला काय लावता?” मी विचारलं.

दादासाहेब खूश झाले. त्यांनी कोनाड्यातून एक छोटा ब्रश आणि मंजनाची डबी काढली. ब्रश खास मांजरासाठी मुंबईहून आणलेला. मंजन कार्बॉलिकचं. रोज सकाळी गडी मांजर धरी आणि दादासाहेब स्वतः त्याचे दात घासत.

कार्बॉलिक हे जंतुनाशक. मोरीत शिंपडायचं, त्याने हत्यारं धुवायची. मंजनात ते थोडं असतं, आणि माणूस चूळ भरून थुंकून टाकतो. मांजराला थुंकता येत नाही. तोंडात घातलेलं सगळं त्याच्या पोटात जातं, आणि कार्बॉलिक मांजराला विष आहे. हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणजे हा भला माणूस मांजराची काळजी घेतो म्हणून रोज सकाळी त्याला थोडं थोडं विष चारत होता.

मी डबी उघडली, हुंगली आणि खिडकीतून परसात फेकून दिली.

“अहो!” दादासाहेब म्हणाले.

मी त्यांना कार्बॉलिक म्हणजे काय ते सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, त्यांचे डोळे खिडकीकडे होते. मग मी माझा निर्णय सांगितला. मंजन आजपासून बंद, ब्रशही बंद. टार्टर खरवडायचं. हलणाऱ्या दोन दाढा काढायच्या. बाकीचे दात मळलेले आहेत, पण पक्के आहेत. त्यांना हात लावायचा नाही.

“दोनच? आणि उरलेल्यांतला पू?”

“उरलेल्यांत पू नाही.”

“दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. माझ्याही दातांत दिसत नव्हता.”

यावर मी काय बोललो असतो ते मी गिळलं. त्याऐवजी विचारलं, ही खाते काय?

दूधभात. आणखी? साजूक तूप. आणखी? सणाला पुरण. मासळी, उंदीर, पाल, काही? दादासाहेबांनी नाक आक्रसलं. तेव्हा माझं लक्ष ठकूच्या गळ्याकडे गेलं. पंच्याखाली सुताची दोरी होती आणि तिचं दुसरं टोक माजघराच्या खांबाला बांधलेलं होतं. मांजर बांधून ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की पूर्वी ठकू मोकळी असे. एकदा तिने कोळीवाड्यातून बांगड्याचं डोकं पळवून आणलं आणि नेमकं देवघरात बसून खाल्लं. देव धुवावे लागले, स्वयंपाकघर सारवावं लागलं, उष्टावलेलं सगळं टाकावं लागलं. त्या दिवसापासून दोरी. त्याला दोन पावसाळे झाले होते.

हाकेच्या अंतरावर समुद्र. दारावरून रोज मासळीच्या पाट्या जातात. मांदेली, बोंबील, कोलंबी यांचा वास वाऱ्यावर चोवीस तास. आणि इथे एक मांजर खांबाला बांधून त्याला तूपभातावर ठेवलेलं.

“दादासाहेब,” मी म्हणालो, “दाढा मी काढीन. पण दाढा काढून ही सुधारणार नाही. हिला मासळी पाहिजे. मांजर भातावर जगतं, पोसत नाही. मऊ भात खाऊनच दातांवर हे थर चढलेत. हिला सोडा. तिचं ती खाऊन येईल.”

त्यांनी जिभेने कवळी नीट बसवली. मग हसले.

“हे पाहा डॉक्टर, तुमच्याकडे चालत असेल. तुम्हा लोकांना मासळीशिवाय औषध सुचायचं नाही. हे सोवळ्याचं घर आहे.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. ‘तुम्हा लोकांना.’ मी शिकलो तेव्हा वसतिगृहात पत्रावळी उचलल्या आहेत. प्रोफेसरांनी वर्गात उभं करून शाबासकी दिली आहे. आणि हा मनुष्य माझं निदान माझ्या ताटात शोधत होता.

“मांजराला सोवळं नसतं, दादासाहेब,” मी म्हणालो. “सुळे असतात.”

कासम हळूच म्हणाला, “साहेब, चला आता.” मी सामान आवरलं. टार्टरसुद्धा खरवडू दिलं नाही त्यांनी. काढायचे तर सगळे, नाही तर वरून माणूस बोलावतो, असं म्हणाले.

आम्ही परसदाराने निघालो. विहिरीपाशी मागून आवाज आला. अक्का दाराआड होत्या, आताही समोर आल्या नाहीत.

“डॉक्टर, एक विचारू? तिला दुखतं का?”

मी रागातच होतो. त्या बाईवर राग नव्हता, पण आवाजात उतरला.

“दुखतं. सारखं दुखतं. आणि ती उपाशी आहे.”

“उपाशी कशी? माझ्या वाटचं दूध देते मी तिला.”

“दूध कितीही द्या. तिचं पोट त्याच्यासाठी केलेलं नाही.”

उत्तरासाठी मी थांबलो नाही.

दादासाहेबांनी वरून माणूस बोलावला, म्हणजे माझे साहेब. आमच्या खात्याचे अधिकारी. त्यांना तार गेली. इथे मला थोडं विषयांतर करावं लागेल, नाही तर माझा संताप वाचणाऱ्याला कळायचा नाही. त्याच हंगामात आतल्या खेड्यांत बुळकांडी आली होती. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. तोंडात फोड, रक्ताचे जुलाब, पाहता पाहता गोठा रिकामा. कुळवाड्यांचे बैल पडत होते आणि पुढे भाताचे चिखल करायला जनावर उरेल की नाही, असा प्रश्न होता. मी साहेबांना पत्रावर पत्रं लिहीत होतो: लस पाठवा, दोन माणसं पाठवा, निदान स्वतः येऊन पाहून जा. उत्तर ठरलेलं. टूरचा प्रोग्राम भरलेला आहे.

मांजराच्या तारेला ते लाँचने आले.

मी गेलो तेव्हा साहेब दादासाहेबांच्या ओटीवर बसून घावन आणि चहा घेत होते. ठकू कोपऱ्यात दोरीच्या टोकाला पडली होती. मंजन बंद झालं होतं एवढंच. अक्कांनी ती डबी परसातून परत येऊ दिली नव्हती, हे मला नंतर समजलं. जिभेचा पांढरेपणा कमी झाला होता. पण आता ती दुधालाही तोंड लावत नव्हती. पाठीचा मणका न् मणका मोजता येत होता. आणखी आठवडा गेला असता तर दात काढायचा वाद उरला नसता.

साहेबांनी मला बाजूला रहाटापाशी नेलं.

“अहो, काय चालवलंयत? दात मांजराचे. काढून टाका आणि मोकळे व्हा.”

“सर, अठ्ठावीस दात चांगले आहेत.”

“असतील. यांचा शब्द कुठपर्यंत चालतो माहीत आहे? उद्या तुमची बदली कुठे होईल सांगता येत नाही.”

“झाली तर झाली. तिथेही जनावरंच असतील.”

“आणि मासळीचं काय काढलंत यांच्या घरात? काही पाचपोच?”

मी म्हटलं, सर, तुम्ही परीक्षेला मला विचारलं असतंत की मांजराचा आहार काय, आणि मी दूधभात सांगितला असता, तर पास केलं असतंत का? साहेबांनी घड्याळ पाहिलं. भरतीबरोबर लाँच सुटणार होती. म्हणाले, “हा हुकूम समजा. सगळे काढा.”

ठीक. मी ओटीवर परत आलो. पेटी उघडली. चिमटे, खरवडणी, कापूस, टिंक्चर, आणि शेवटी क्लोरोफॉर्मची बाटली, सगळं पाटावर मांडलं. मग दादासाहेब आणि साहेब दोघांनाही ऐकू जाईल असं बोललो.

दोन सैल दाढा काढायला भूल लागत नाही. चिमट्यात धरल्या की आल्या. पण सगळे दात काढायचे तर मांजर पुरतं झोपवावं लागेल. पक्क्या दाढांची मुळं जबड्यात रुतलेली असतात आणि सुळ्याचं मूळ तर बाहेर दिसतं त्याहून लांब. त्यासाठी क्लोरोफॉर्म. आता, घोड्याला, बैलाला क्लोरोफॉर्म देताना डॉक्टरच्या हाताशी थोडी जागा असते. मांजराच्या बाबतीत झोप आणि मरण यांत फार थोडं अंतर आहे. त्यातून हे मांजर उपाशी, भाजलेलं, हाडं निघालेलं.

“झोपेल हे नक्की,” मी म्हणालो. “उठेल असं मी सांगत नाही. साहेब अनुभवी आहेत. क्लोरोफॉर्मचा बोळा त्यांनी धरावा. मी दात काढतो.”

साहेब बसले होते तिथून जरा मागे सरकले.

आमच्या भागात कुत्रं मारतील, साप तर मारतीलच, पण मांजर मारणार नाहीत. नकोसं मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे नेऊन सोडतात, पण त्याचा जीव आपल्या हातून जाऊ देत नाहीत. तो दोष फार मोठा. चुकून मेलं तरी सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं म्हणतात; आणि तरीही दोष पुरता फिटत नाही, असंही म्हणतात.

साहेबांनी दादासाहेबांकडे पाहिलं. “मालकांची संमती असली म्हणजे झालं. मालकांच्या सांगण्यावरून करायचं.”

“माझं सांगणं दातांपुरतं आहे,” दादासाहेब घाईने म्हणाले. “बोळा तुम्ही धरायचा. डॉक्टराला दोष लागत नाही.”

“मी मुळात घोड्यांचा माणूस. मांजराचा हात मला नाही.”

“मग दवाखान्यात न्या. घरात नको.”

“नेता येईल. पण मांजर तुमचंच राहतं ना, दादासाहेब.”

“तसं ते माझं नाही. अक्काचं आहे.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हा गृहस्थ विज्ञानाच्या नावाने स्वतःचे सगळे दात देऊन बसलेला. हा दुसरा माझा वरिष्ठ, पाच मिनिटांपूर्वी मला हुकूम सोडणारा. आणि आता दोघे मिळून एका सोन्याच्या मांजराला घाबरून ते दोन हात लांब ढकलत होते. त्या कोपऱ्यातल्या हाडांच्या मुटकुळ्याला घाबरले असते तर मी समजलो असतो. तिचं कुणालाच काही नव्हतं. ती मेली तर चालणार होती, फक्त माझ्या हातून, त्यांच्या अंगणाबाहेर.

“तर मग अक्कांनाच विचारा,” मी म्हणालो. मला वाटतं मी ओरडलोच असेन. कासमने माझ्या कोटाला हात लावला.

दार वाजलं आणि अक्का बाहेर आल्या.

परपुरुषांसमोर ओटीवर त्या कधी आल्या नव्हत्या. साहेब उठून उभे राहिले, दादासाहेबांनी “अगं अक्का” एवढंच म्हटलं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला, ठकूला उचललं, पाटाशी माझ्यासमोर बसल्या आणि ती मांडीवर घेतली.

“मी धरते,” त्या म्हणाल्या. “झोपवायचं नाही. दोन काढायचे म्हणालात ना, ते काढा.”

“अक्का, मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट...” दादासाहेब सुरू झाले.

“तुझे दात तू काढलेस, दादा. मी काही बोलले होते?”

मी काम सुरू केलं. कासमने पंचा गुंडाळला, अक्कांनी मान धरली. मी सांगितलं तशी, पक्की आणि न दाबता. पुष्कळ पुरुषांना ते जमत नाही. मांजर ओरडलं की त्यांचा हात सुटतो. पहिली दाढ चिमट्यात धरली आणि जरा फिरवली, ती पूच घेऊन आली. दुसरीला थोडा जोर लागला. ठकूने एक किंकाळी फोडली आणि अक्कांच्या मनगटावर पंच्यातून सुटलेल्या मागच्या पायाच्या नखांनी लांब ओरखडा काढला. अक्कांनी हात हलवला नाही. मी जखमा पुसल्या, टिंक्चर लावलं, बाकीच्या दातांवरचं टार्टर जमेल तेवढं खरवडलं. आतले दात पांढरेशुभ्र निघाले. ते मी साहेबांना मुद्दाम दाखवले. साहेबांनी पाहिल्यासारखं केलं.

“झालं?” अक्कांनी विचारलं.

“माझं झालं. आता खाण्याचं.”

त्यांनी ठकूला एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने तिच्या गळ्याची दोरी चाचपली. गाठ जुनी होती, सुटेना. त्यांनी माझ्यापुढे हात केला, “कात्री आहे?” मी दिली. त्यांनी दोरी कापली.

दादासाहेब म्हणाले, “अगं, ती परत मासळी घेऊन येईल घरात. देवघर आहे, सोवळं आहे...”

“आणील तर मी अंघोळ करीन,” अक्का म्हणाल्या. “विहिरीला पाणी पुष्कळ आहे.”

साहेब त्याच भरतीला लाँचने परत गेले. मी त्यांना म्हटलं, आलाच आहात तर आतली दोन गावं पाहून जा, बैल मरताहेत. ते म्हणाले, पुढच्या टूरला. लस आली ती पाऊस तोंडावर आल्यावर. तोपर्यंत पुष्कळ गोठ्यांत जोडीतला एकच बैल उरला होता आणि शेजारी एकमेकांचे बैल उसने घेऊन नांगर धरत होते. याबद्दल कुणी कुणाला तार केली नाही.

ठकूचं सांगायचं तर जखमा भरेपर्यंत तिला उकडलेली मासळी काटे काढून द्यायला मी सांगितलं होतं. कोळीवाड्यातली चांगुणा वरच्या आळीत नारळ घ्यायला येई, तिने ते काम अंगावर घेतलं. ती ठकूला घेऊन जाताना मी तिथे होतो. “वरल्या आलीची पावनी आली व्हय?” असं म्हणत तिने तिला पाटीत बसवलं. “चल गो बाय, तुझा उपास सुटला.” पुढे पुढे पाटीची गरज राहिली नाही. ठकू सकाळी आपल्या पायाने खाली जाई आणि उन्हं कलली की वर येई. दोन महिन्यांत तिच्या अंगावर मांस चढलं, केस चमकायला लागले. अक्का तिला मागच्या पडवीत घेऊन बसत, तिच्या अंगावरून हात फिरवत, आणि मग विहिरीवर जाऊन अंघोळ करत. रोज. पावसाळ्यातसुद्धा. मी एकदा म्हटलं, सर्दी होईल. त्या म्हणाल्या, मांजर बरं झालं ना?

दादासाहेब गावभर सांगत होते, की दात काढले म्हणून मांजर वाचलं. त्यांच्या दंतवैद्याचं तत्त्व जनावरांनाही लागू पडतं हे आता सिद्ध झालं. मासळीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. साहेबांच्या टूरच्या रिपोर्टात एक अवघड दंतशस्त्रक्रिया त्यांच्या देखरेखीखाली यशस्वी झाल्याची नोंद गेली. माझ्याबद्दल रिमार्क आला: काम बरं, पण वरिष्ठांशी बोलण्याची रीत नाही.

तो रिमार्क मी अजून मान्य करतो. रीत नव्हतीच. असती तर त्या मांजराच्या तोंडात एकही दात राहिला नसता, आणि कदाचित मांजरही.

पुढे नोकरीत मी कुत्री, घोडे, बकऱ्या, एका संस्थानिकाचा पोपट, सगळ्यांचे मालक पाहिले. काही जनावराला औषधच देत नाहीत, काही इतकं देतात की त्यातच ते मरतं. दोघांनाही मी एकच सांगत आलो. किती उपचार करायचा ते रोग्याच्या तोंडात बघून ठरवावं. मालकाच्या तोंडाकडे बघून ठरवलं, की एक तर दात जातात, नाही तर मांजर जातं.